तालमीतले पाहुणे

कडक मावशीच्या इस्त्रीखालून गेलेला रुमाल टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहायचा, आणि मावशीच्या तोंडी लागलेला माणूस दोन दिवस मान खाली घालून हिंडायचा. म्हणून तिचं नाव कडक मावशी. तळ्याकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात ती तेवीस वर्षं इस्त्री करत होती. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल. पाहुण्यांच्या अंगाला आणि ओठांना जे काही लागे ते आधी मावशीच्या हाताखालून जाई. पाहुण्यांनी मात्र तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं.

गाव देखणं होतं. समोर तळं, मागे डोंगर, मधे पाहुण्यांसाठी काढलेले गुळगुळीत रस्ते. पण पोहण्याचे कपडे विकणारी अकरा दुकानं आणि पीठ विकणारं एकही नाही, असा तिथला कारभार. अंडी मिळत, पण ती रेशमी फीत बांधलेल्या खोक्यात, आणि भाव असा की ऐकून कोंबडीलाही लाज वाटावी. स्वस्तातला बाजार करायचा तर बसने दीड तास जायचं आणि दीड तास यायचं, म्हणजे सुट्टीचा दिवस संपला. खोलीचं भाडं दिल्यावर हातात जे उरे त्यात असा बाजार महिन्यातून दोनदाच होई. दात आहेत तर चणे नाहीत, अशी म्हण आहे. इथे चणे ढिगाने होते, पण ते दुसऱ्यांच्या दातांसाठी.

आधी इतकी वाईट गत नव्हती. दुपारी तीनला, पाहुण्यांची जेवणं आटोपली की, कामगारांना हॉटेलातच पोटभर जेवण मिळे. मग नवे मॅनेजर आले. गळ्यात दोरीला लावलेलं घड्याळ, तोंडात कायम मिनिटं. 'तीन मिनिटांत भेटा', 'चार मिनिटं उशीर झाला'. त्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात मिनिटसाहेब पडलं. माणूस कंजूष नव्हता, दुष्टही नव्हता. त्याला मिनिटं कळत आणि माणसं कळत नसत, एवढंच. त्यांनी हिशोब मांडला की चाळीस माणसं रोज अर्धा तास जेवतात म्हणजे रोजचे वीस तास पोटात जातात. झालं! जेवण बंद, त्याजागी उभ्याउभ्या चहा आणि दोन बिस्किटं.

मावशी होड्या दुरुस्त करायच्या शेडवरच्या एका खोलीत राहायची. वर्षभरापासून बहिणीची मुलगी तिच्याकडे राहायला आली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. नाव लहानपणीचं, आता पोरगी ताडमाड उंच झाली होती आणि खोलीच्या दारात रोज एकदा तरी कपाळ आपटून घेत होती. ती त्याच हॉटेलात वेटरचं काम शिकत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी परीक्षा होती. पास झाली तर बारा महिन्यांची पक्की नोकरी, नाहीतर परतीची बस.

दोघींच्या खोलीत एक पातेलं होतं आणि त्यावर पोचा आलेलं झाकण. संध्याकाळी त्यात भात आणि बटाटे असत, साधारण दीड माणसाचं. मावशी घरात पाऊल टाकता टाकताच म्हणायची, "तू घे गं, मी जेवून आलेय." चिमणी म्हणायची, "मीपण खाल्लंय, मावशी. तूच घे." पातेलं या बाजूहून त्या बाजूला जायचं आणि परत यायचं. दोघीही धडधडीत खोटं बोलत होत्या, दोघींनाही ते माहीत होतं, आणि एकमेकींना ताकास तूर लागू द्यायची नाही असा दोघींचा निश्चय होता. शेवटी मावशी डोळे वटारायची आणि चिमणी जेवायची. मावशी पातेलं खरवडायची.

हंगामाला दहा दिवस उरले तेव्हा मिनिटसाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "आपल्याकडे आठ नवे वेटर आहेत. खऱ्या पाहुण्यांसमोर त्यांना असंच सोडता येणार नाही. उद्या तीन वाजता रंगीत तालीम. चोवीस पाहुणे, नव्वद मिनिटं, सूप, कोंबडी, पुडिंग. पाहुणे अजून आलेले नाहीत, तेव्हा पाहुणे तुम्हीच व्हायचं."

मागून माळीकाकांनी हळूच विचारलं, "साहेब, जेवण खरं की तेही नाटकातलं?"

"खरं," मिनिटसाहेब म्हणाले. त्या दिवशी धुलाईच्या खोलीत गाणी ऐकू आली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी पडली. माळीकाकांच्या चिठ्ठीत होतं, 'निवृत्त सेनाधिकारी. कमी बोलतो.' मावशीच्या चिठ्ठीत होतं, 'श्रीमंत बाई. कशानेच समाधान होत नाही. जेवणानंतर कार्डावर एक तरी तक्रार लिहावी.' दोघं एकाच टेबलावर बसली. तेवीस वर्षांत मावशी त्या खोलीत पहिल्यांदा बसत होती. स्वतः इस्त्री केलेला रुमाल तिने मांडीवर पसरला आणि तिला उगाचच भरून आलं.

चिमणी त्यांच्या टेबलावर वाढायला होती. तिने सूप ठेवलं, पाठ फिरवली, आणि पाव घेऊन परत येते तो बाऊल कोरडे.

"बाईसाहेब, सूप कसं वाटलं?" तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"कुठलं सूप?" मावशी म्हणाली.

कोंबडीचंही तेच झालं. पुडिंग तर काही जणांनी आलेलं पाहिलंच नाही, फक्त गेलेलं पाहिलं. मिनिटसाहेबांनी घड्याळ हलवलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं. "नव्वद मिनिटांचं जेवण चौदा मिनिटांत?"

"शहात्तर मिनिटं वाचली की, साहेब," माळीकाका म्हणाले. सेनाधिकारी कमी बोलतो हे ते विसरले होते.

खरा घोळ पुढेच होता. वेटरला डाव्या हातावर तीन ताटल्या तोलून उचलता याव्या लागतात. दोन खाली, एक वर, आणि सगळं उष्टं काट्याने वरच्या ताटलीत सरकवायचं, थेंब न सांडता. हेच परीक्षेतलं सगळ्यात अवघड काम. पण उष्टं असेल तर ना! चोवीस ताटल्या पावाने पुसून अशा लख्ख केलेल्या की भांडी धुणाऱ्या आक्कांनी त्यातली एक उजेडात धरली आणि विचारलं, "साहेब, ही धुवायची आहे की धुतलेली आहे?"

मिनिटसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तक्रारींची कार्डं वाचायला घेतली. "रुमालाला खळ जास्त झाली आहे. ओठ सोलतात. हे कुणी लिहिलं?"

मावशीने हात वर केला.

"पण रुमाल तर तुम्हीच करता."

"मग? तुम्ही म्हणालात तक्रार लिहा. जेवणाला नावं ठेवायची मला सवय नाही, आणि खोटं लिहायला माझा हात धजत नाही. राहिले रुमाल."

"तालीम नापास," मिनिटसाहेब म्हणाले. "उद्या पुन्हा."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग कळलं. उद्या पुन्हा! साहेब आपल्या खोलीत पोचायच्या आत ती बातमी बागेत, धुलाईत आणि होड्यांच्या धक्क्यावर पोचली होती.

दुसऱ्या तालमीला माणसं नटूनथटून आली. माळीकाकांनी लग्नातला कोट घातला होता. बटणं लागत नव्हती, पण मिशीला पीळ होता. पास व्हायची इच्छा कुणालाच नव्हती. पास होऊन कुणाचं भलं झालंय, असं जो तो एकमेकाला सांगत होता. या वेळी जेवण बारा मिनिटांत आटोपलं. मावशी श्रीमंत बाईसारखी मान वाकडी करून म्हणाली, "बटाटे पुन्हा आणा," आणि ते संपल्यावर, "अजून एकदा आणा." अख्खं टेबल हसून हसून लोटपोट झालं. मावशीला हसताना ठसका लागला आणि माळीकाकांनी पाठीत थोपटलं. पोट भरलेलं, डोक्यावर छप्पर, समोर तळं. मावशीला वाटलं, श्रीमंत लोकांना रोज असंच वाटत असेल तर त्यांचं काही चुकत नाही.

संध्याकाळी खोलीत चिमणी भिंतीला टेकून बसली होती. तालमीत वाढणाऱ्यांना जेवण नव्हतं, फक्त पाहुण्यांना होतं. मावशीने पातेलं तिच्यासमोर ठेवलं. "आज मी खरंच जेवलेय. गुपचूप खा."

"नको."

"का? कुणी बोललं?"

चिमणीने आधी मान हलवली, मग सांगून टाकलं. "उद्याची तालीम शेवटची, तीच परीक्षा. मालकीणबाई स्वतः येणारेत. उद्याही जमलं नाही तर आम्हा आठही जणांना घरी पाठवणार आणि शहरातून शिकून आलेले वेटर आणणार. फार तर तीन तालमी, असं साहेबांनी काल रात्रीच सांगितलं."

"काल? मग तू बोलली का नाहीस?"

"तू किती हसत होतीस, मावशी. मी तुला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. तीनदा बटाटे खाल्लेस. मी कशी सांगू, हळू खा म्हणून?"

कडक मावशी शरमली, अगदी मनातून शरमली. दोन दिवस आपण बटाटे खात नव्हतो, या पोरीची नोकरी खात होतो, असं तिला वाटलं. मग तिने पोरीला पातेल्यातला शेवटचा घास खायला लावला आणि म्हणाली, "उद्या तुझे पाहुणे बघच तू."

सकाळी चहाच्या सुट्टीत तिने बाकीच्या तेवीस पाहुण्यांना धुलाईत बोलावलं, चादरींच्या ढिगांमधे उभं केलं आणि सगळी हकीकत सांगितली. हशा एकदम बंद पडला. त्या आठांत माळीकाकांचा जावई होता, एकीचा भाऊ होता. कुणीच परकं नव्हतं.

"सावकाश खायचं," मावशी म्हणाली.

"मावशी, तसं ठरवून होत नाही हो," माळीकाका म्हणाले. "पोटात कावळे ओरडत असले की हात आपोआप चालतो."

"मग हाताला दुसरं काम द्या. एक घास, एक रुमाल. घास तोंडात गेला की काटा खाली. रुमालाची घडी घालायची: अर्धी, पाव, कोपरा, मग हळूच उलगडायची, मांडीवर पसरायची. तेवढं झाल्याशिवाय दुसरा घास नाही. मी तेवीस वर्षं घड्या घालतेय, वेळ कसा जातो मला विचारा." तिने सगळ्यांच्या हातात रुमाल दिले आणि पंधरा मिनिटं नुसत्या घड्या घालून घेतल्या. मग खाकरून म्हणाली, "आणि दुसरं. ताटात टाकायचं. निम्मं."

आता मात्र सगळ्यांचे चेहरे पडले. माळीकाका म्हणाले, "निम्मं? ताटात टाकलं म्हणून आमच्या आईनं आमच्या पाठीत धपाटे घातलेत, मावशी."

"मग नाही टाकलं तर आज मी घालीन. पोरांना उष्टं उचलून दाखवायचंय. तुम्ही ताट चाटलंत तर ती उचलणार काय, तुमचं कपाळ?"

तीन वाजता मालकीणबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. सूप आलं. चोवीस जणांनी एकेक चमचा घेतला, चमचे खाली ठेवले आणि रुमालांच्या घड्या घालायला सुरुवात केली. अर्धी, पाव, कोपरा. उलगडले, पसरले. पुन्हा एकेक चमचा. खोलीत अशी शांतता की कपड्याची सळसळ ऐकू यावी. मालकीणबाई वाकून मिनिटसाहेबांना म्हणाल्या, "असे खानदानी पाहुणे आपल्याकडे हंगामात का येत नाहीत हो?"

मग कोंबडी आली. मावशीने अर्धी खाल्ली. भाजलेल्या कातडीचा वास नाकात शिरत होता, आणि सकाळपासून पोटात दोन बिस्किटं होती. तिने काटा-सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवली, म्हणजे जेवण झाल्याची खूण. आयुष्यात तिने इतकी जड वस्तू खाली ठेवली नव्हती. समोर माळीकाका उरलेल्या तंगडीकडे गाव सोडून निघालेल्या जावयाकडे बघावं तसे बघत होते. पण त्यांनीही काटा ठेवला. मग शेजारच्या टेबलाने ठेवला, मग सगळ्यांनी.

चिमणी आली. एक ताटली बोटांत, दुसरी मनगटावर, तिसरी वर. काट्याने तिने उष्टं हलकेच वर सरकवलं. मावशीने त्या उष्ट्याकडे बघायचं टाळलं, पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एक थेंब सांडला नाही. चिमणी ताठ मानेने स्वयंपाकघराकडे गेली आणि दाराखालून जाताना वाकायलाही विसरली नाही.

"अठ्ठ्याऐंशी मिनिटं," मिनिटसाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "आठही जण पास!"

टाळ्या थांबल्यावर मालकीणबाईंनी तीन दिवसांची कार्डं मागून घेतली आणि वाचत गेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर तीन वाजता ऊन थेट डोळ्यांत येतं. सात नंबरची खुर्ची डुगडुगते. पायाखाली पुठ्ठा मीच घातला होता, तो झिजला. खिडकीजवळच्यांना सूप गार मिळतं. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "अठरा वर्षं मी हे हॉटेल चालवते. पाहुणे 'छान होतं' म्हणून जातात आणि परत येत नाहीत. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही." मग त्या मावशीकडे वळल्या. "रुमालवाल्या बाई तुम्हीच ना? आज काय तक्रार?"

मावशी उभी राहिली. खरं तर गप्प बसता आलं असतं. पोरगी पास झाली होती, काम फत्ते झालं होतं. पण कडक मावशीला गप्प बसणं जमलं असतं तर तिला ते नाव कशाला पडलं असतं?

"जेवण उत्तम. पोरांनी वाढलंही उत्तम. रुमाल आज मऊ आहेत, मी खळ कमी केलीय. तक्रार एकच आहे, बाई. मी निम्मं टाकलं ते पोट भरलं म्हणून नाही. पोरांना उष्टं उचलायचा सराव हवा होता म्हणून. माझी भूक तशीच आहे. इथे बसलेल्या सगळ्यांची आहे. तीन वाजताचं जेवण बंद झाल्यापासून रोजच असते. पाहुण्याचं सोंग आणलं, पण पोट भरल्याचं सोंग पुन्हा नाही जमायचं."

मालकीणबाईंनी मिनिटसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण घड्याळात उत्तर नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून आचारीबुवा बाहेर आले. जाडजूड माणूस, खांद्यावर फडकं. "बाई, एक सांगू? आत अजून आहे. मला चोवीस जणांचं करायला सांगितलं होतं, मी तिन्ही दिवस चाळिसाचं करतोय. कुणीतरी तोंड उघडेल म्हणून वाट बघत होतो."

मालकीणबाई आधी गंभीर झाल्या आणि मग मोठ्याने हसल्या. "उद्यापासून रोज तीन वाजता तालीम. सगळ्यांची, वाढणाऱ्यांचीसुद्धा. जेवा आणि काय चुकतंय ते मला लिहून द्या." त्या मॅनेजरांकडे वळल्या. "आणि साहेब, घड्याळ तेवढं बाहेर ठेवून या."

"बाई," माळीकाकांनी काकुळतीने विचारलं, "ताटात टाकायचं का?"

"खबरदार टाकलंत तर."

मग जे झालं त्याला जेवण म्हणतात. आठही वेटर बसले, आक्का ओले हात पुसत आल्या, आचारीबुवांनी स्वतः वाढलं. मिनिटसाहेबांनाही धरून बसवलं. त्यांच्यापुढची ताटली सगळ्यांत आधी रिकामी झाली. नऊ मिनिटांत, असं माळीकाका शपथेवर सांगतात. तो माणूसही कित्येक महिने उभ्याउभ्या बिस्किटांवरच जगत होता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आक्कांनी त्यांची ताटली उजेडात धरून बघितली आणि मावशी पुन्हा ठसका लागेपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवसापासून तालमी सुरू झाल्या. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. तळ्यावर अजून उजेड होता. मावशी खोलीत आली, पायातल्या चपला काढता काढता सवयीने म्हणाली, "तू घे गं, मी जेवून आलेय."

"मीपण खाल्लंय, मावशी," चिमणी म्हणाली. "तूच घे."

पातेलं या बाजूहून त्या बाजूला गेलं आणि परत आलं. मावशीने सवयीने डोळे वटारले. चिमणीने मान हलवली. मग दोघी थांबल्या. वर्षभर रोज म्हटलेलं ते वाक्य आज दोघींच्या तोंडी खरं होतं. आधी चिमणी हसली, मग मावशी, मग दोघींना हसू आवरेना. खालच्या शेडमधून कुणीतरी ओरडून विचारलं, काय झालं म्हणून.

"काही नाही," मावशीने खिडकीतून ओरडून सांगितलं. "भात उरलाय!"

तिने झाकण नीट बसवलं, पातेलं खिडकीच्या थंड कट्ट्यावर ठेवलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच ठरलं की उद्या सकाळी न्याहारीला काय आहे.